खोक्यावरचा शिक्का आणि ताडपत्रीखालचे विष

न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जाणाऱ्या यंत्राचे लाकडी खोके नीट पाहिले, तर त्याच्या फळीवर एक लहानसा शिक्का आढळतो. गव्हाची ओंबी, तिच्या शेजारी ‘आयएन’ हा भारताचा संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि अखेरीस दोन अक्षरे. ती ‘एचटी’ असली तर लाकूड तापविलेले आहे. ‘एमबी’ असली तर त्याला मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी देण्यात आली आहे. नियमाच्या लेखी दोन्ही खोकी सारखीच शुद्ध. धुरी देणाऱ्या मजुराच्या लेखी मात्र त्या दोन अक्षरांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि निर्यातीचे आकडे अभिमानाने मांडणाऱ्या एकाही हिशेबात ते अंतर धरलेले नसते.

कच्च्या लाकडातून कीड देशोदेशी पसरते, हे भय खोटे नाही. आशियातील लांब शिंगांचा भुंगेरा १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील झाडांत सापडला. तो मालाच्या खोक्यांतून आला असावा, हाच निष्कर्ष निघाला. पाइन वृक्ष वाळवून टाकणारा सूत्रकृमी १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये आढळला. त्यानंतर २००२ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली लाकडी वेष्टनांसाठी पंधराव्या क्रमांकाचे मानक मंजूर झाले. हा श्रीमंत राष्ट्रांनी गरिबांच्या निर्यातीपुढे घातलेला अडसर आहे, असे म्हणण्याची सवय काही पुरोगामी मंडळींना आहे. ती त्यांनी सोडावी. भारतात येणाऱ्या खोक्यांनाही हाच दंडक लागू आहे, आणि जंगले वाचविण्याची गरज भारताला कोणाहून कमी नाही. तक्रार कीडनियंत्रणाबद्दल नाही. ते करण्यासाठी जो मार्ग निवडला जातो, त्याबद्दल आहे.

मानकातील एक मार्ग साधा आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचवावयाची आणि ती सलग ३० मिनिटे टिकवावयाची. दुसरा मार्ग विषाचा. खोकी कंटेनरमध्ये किंवा जाड ताडपत्रीखाली बंद करावयाची, ताडपत्रीच्या कडांवर वाळूच्या लांब पिशव्या दाबावयाच्या आणि आत वायू सोडावयाचा. हवेचे तापमान २१ अंश किंवा अधिक असेल तर प्रत्येक घनमीटरला ४८ ग्रॅम, आणि किमान २४ तास. हा वायू रंगहीन आहे, त्याला जाणवण्यासारखा वासही जवळजवळ नसतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. तो मज्जासंस्थेवर आघात करतो. त्याची लक्षणे कधी कधी काही तासांनी, म्हणजे मजूर घरी पोहोचल्यावर, दिसू लागतात. मग डोकेदुखी, ओकारी, चक्कर यांचा संबंध त्या दिवशीच्या कामाशी जोडणार कोण? भारतात हे विष तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरण्याचे बंधन आहे. देखरेख तज्ज्ञाची असते. वाळूच्या पिशव्या उचलणारे आणि चोवीस तासांनी ताडपत्री दूर करणारे हात मजुराचे असतात. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ पाहिलेल्या देशाला वायूविषयी अधिक काही सांगावे लागू नये.

ताडपत्री दूर झाली की उरलेला वायू आकाशात जातो. ओझोनच्या थराला खाणाऱ्या पदार्थांच्या यादीत मिथाइल ब्रोमाइडचे नाव १९९२ मध्येच आले. १९८७ च्या माँट्रियल करारान्वये प्रगत राष्ट्रांनी त्याचा वापर २००५ पर्यंत आणि विकसनशील राष्ट्रांनी २०१५ पर्यंत बंद करावयाचा होता. शेतातील वापर खरोखरच बहुतांशी थांबला. परंतु विलग्नवास आणि जहाजावर चढविण्यापूर्वीची धुरी यांना करारातच सूट देण्यात आली. शेतकऱ्याने जे जमिनीत सोडू नये, ते व्यापाऱ्याने हवेत सोडावे, असा हा न्याय आहे!

या सुटीचे समर्थन ‘पर्याय नाही’ या एका वाक्यावर उभे आहे, आणि ते वाक्य खोटे आहे. पर्याय त्याच मानकात, त्याच पानांवर लिहिलेला आहे. २००८ साली याच करारसंस्थेने सदस्य राष्ट्रांना मिथाइल ब्रोमाइडचा वापर घटविण्याची शिफारस केली. युरोपीय संघाने २०१० मध्ये आपल्या भूमीवर ही धुरी सरसकट थांबविली. त्यामुळे युरोपची जहाजे रिकामी निघाली नाहीत. खरे कारण वेगळे आहे. भट्टीला भांडवल लागते, इंधन लागते, तापमापकांची व्यवस्था लागते. धुरीला टाकी आणि ताडपत्री पुरते. धुरी स्वस्त आहे, कारण तिची उरलेली किंमत मजुराची मज्जा आणि आकाश चुकते करतात.

येथे एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. चार कामगार ठेवून खोकी ठोकणाऱ्या छोट्या सॉ-मिलवाल्याला स्वतःची भट्टी परवडत नाही. उद्या धुरीवर नुसती बंदी घातली, तर भट्टी असलेले दोन-चार मोठे कारखानदार सारा धंदा गिळतील आणि पर्यावरणाचे नाव घेऊन मक्तेदारी पक्की होईल. म्हणून बंदीच्या आधी बंदराजवळ आणि औद्योगिक वसाहतींत सहकारी तत्त्वावर सामायिक भट्ट्या उभ्या राहिल्या पाहिजेत. त्यांना लागणाऱ्या इंधनापैकी बराचसा भाग या धंद्याच्या भुशात आणि ढलप्यांत पडलेलाच आहे. ज्या राज्याने साखर कारखान्यांना भागभांडवल दिले, त्याला एवढे जड जाऊ नये.

लाकूडच नको, प्लास्टिकचे पॅलेट वापरा, असा शहाजोग सल्लाही दिला जातो. लाकडी पॅलेटची मोडलेली फळी सुतार बदलू शकतो. एक-तृतीयांशापर्यंतचे भाग प्रक्रिया केलेल्या लाकडाने बदलण्याची मुभा मानकच देते. दोष एका फेरीनंतर खोके मोडीत काढणाऱ्या व्यापाराचा आहे, झाडाचा नव्हे.

१९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाटा येथे उरणच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी गोळ्या झेलल्या. पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. त्याच गावांतील पुष्कळ तरुण आज भोवतालच्या गोदामांत कंत्राटी कामावर राबतात. धुरीच्या कामावर कोण जातो, किती दिवस जातो, त्याला वायुरोधक मुखवटा मिळतो की तोंडाला रुमाल, याची नोंद तेथील कामगार संघटनांनी स्वतः ठेवावयास हवी. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला ओळख आणि मंडळ दिले. या कामगारांनाही तशाच मंडळाच्या छत्राखाली आणण्याची, त्यांच्या रक्तातील ब्रोमाइडची नियमित तपासणी मालकाच्या खर्चाने करण्याची आणि जोवर धुरी चालू आहे तोवर ताडपत्रीखालचा वायू शोषून घेणारी यंत्रणा सक्तीची करण्याची मागणी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मांडली गेली पाहिजे. निवेदनासोबत त्या मजुरांची शिष्टमंडळेही गेली पाहिजेत.