घरचं तंत्र : आपण त्यांना दिसतो का?

यंदा या सदरासाठी विषय शोधावा लागला नाही. गणपतीत तीन वेगवेगळ्या घरांतून एकच तक्रार कानावर आली. "केबल बंद करून टॉवरवरून येणारं फाइव्ह-जी होम इंटरनेट घेतलं. सिनेमे झकास चालतात, पण पुण्याला कॉल लावला की आई म्हणते, तुझे नुसते चौकोन दिसतात."

यात फसायला होतं ते असं : आपल्याला आई स्वच्छ दिसत असते, म्हणून खोट तिच्याकडच्या वायफायची, असं आपण धरून चालतो. पण तिचं चित्र आपल्या डाउनलोडवर येतं आणि आपलं चित्र आपल्या अपलोडवर जातं. अपलोड लंगडं असेल तर ते आपल्याला कळतच नाही. तिकडे आजीला नातीचा नाच अडकत-अडकत दिसतो आणि बिचारी काही बोलत नाही.

अपलोड कमी का? एक म्हणजे ताकद. टॉवर राउटरच्या शेकडो पट जोरानं बोलतो. आपला राउटर बोलतो जेमतेम पाव वॉटच्या आसपास. त्याचं बोलणं ऐकू येतं, पण आपलं तिथवर पोचत नाही. दुसरं म्हणजे वाटणी. अमेरिकेत होम इंटरनेटसाठी २.५ आणि ३.७ गिगाहर्ट्झचे पट्टे भरपूर वापरले जातात. तिथे येणं-जाणं एकाच वाटेवरून, आळीपाळीनं. घाटात एकेरी वाहतूक सोडतात तसंच, फक्त खाली येणाऱ्या गाड्यांना जास्त वेळ आणि वर जाणाऱ्यांना थोडा. ही वाटणी आपल्या हातात नाही, बाकी बरंच काही आहे.

आधी मोजा. लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडा आणि सकाळी, दुपारी व रात्री आठ वाजता, असे तीन दिवस आकडे टिपा. केबलवर ठीक आणि वायफायवर वाईट असेल, तर दोष घरातल्या वायफायचा. रात्रीच घसरत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. नेमकी आपली कॉलची वेळ तीच. घड्याळं मागे जाण्याआधी दिवाळी आली, तर अभ्यंगस्नानाची पहाटे साडेपाचची वेळ म्हणजे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे आठ! तुलनेसाठी सांगतो, झूमच्या ग्रूप कॉलमध्ये ७२०पी चित्र पाठवायला साधारण २.६ मेगाबिट अपलोड लागतं.

मग जागा बदला. एवढा फायदा दुसऱ्या कशानंच होत नाही, आणि खर्च शून्य. राउटरच्या अॅपमध्ये 'आरएसआरपी' नावाचा आकडा दिसतो. तो उणे असतो. उणे ८० उत्तम, उणे ११० म्हणजे रडतखडत. शेजारी 'एसआयएनआर' असेल, तर तो जितका मोठा तितका चांगला; शून्याखाली गेला की कठीण. बेसमेंट, टीव्हीमागचं कपाट आणि फ्रिजची शेजारची जागा राउटरला वर्ज्य. वरच्या मजल्यावर, टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवा. मात्र आपल्याकडच्या नव्या घरांत उष्णता अडवणाऱ्या काचांवर धातूचा पातळ थर असतो. तो ऊन अडवतो तसा सिग्नलही अडवतो. स्टकोच्या भिंतीतली तारेची जाळीही तेच करते. म्हणून एकाच खिडकीवर समाधान मानू नका. प्रत्येक जागी पाच मिनिटं थांबा, तीनदा मोजा आणि डाउनलोडकडे न बघता अपलोडचाच आकडा लिहा.

तिसरं, घरातले चोर पकडा. फोनमधले फोटो आपोआप ढगात चढत असतात, दारावरचा कॅमेरा रात्रंदिवस चित्र पाठवत असतो. मुंजीचा २ गिगाबाइटचा व्हिडिओ २ मेगाबिटनं चढवायला सव्वादोन तास लागतात, आणि तेवढा वेळ बाकीचे रांगेत. ही कामं मध्यरात्रीनंतर लावा. ऑफिसचं व्हीपीएन कॉलच्या वेळी बंद ठेवा.

ही रांगच कॉलची खरी वैरीण. अपलोड भरलं की राउटरमध्ये माहितीचा ढीग साचतो आणि आवाज उशिरा पोचतो. यावर उपाय 'एसक्यूएम' नावाच्या सोयीचा. कंपनीच्या डब्यात ती सहसा नसते. मग त्यामागे ती सोय असलेला आपला राउटर जोडावा आणि अपलोडची मर्यादा रात्रीच्या आकड्याच्या ८० टक्क्यांवर ठेवावी. वेग वाढत नाही, पण बोलणं तुटायचं थांबतं.

एवढ्यानं भागलं नाही, तर बाहेरचा अँटेना. आधी आपल्या डब्याला अँटेना जोडायची सोय आहे का ते पाहा. केबल आखूड घ्या; लांब केबलमध्ये मिळवलेलं सगळं वाहून जातं. आणि एचओएच्या पत्राला घाबरू नका. एफसीसीचा १९९६चा एक नियम आहे, 'ओटार्ड'. २००१पासून तो अशा घरगुती वायरलेस इंटरनेटलाही लागू आहे. स्वतःच्या घरावर किंवा फक्त आपल्याच वापरातल्या बाल्कनीत एक मीटरपर्यंतचा अँटेना लावायला सोसायटी सरसकट मनाई करू शकत नाही. सुरक्षिततेच्या रास्त अटी मात्र पाळाव्या लागतात, आणि अपार्टमेंटचं सामाईक छत यात येत नाही.

हे सगळं करूनही रात्रीचं अपलोड एक-दोनच्या वर जात नसेल, तर हट्ट सोडा. टॉवर भरलेला आहे. एफसीसीनं २०२४ साली ब्रॉडबँडची व्याख्याच १०० डाउनलोड आणि २० अपलोड अशी केली. गल्लीत फायबर आलं असेल, तर ते घ्या. तिथे बहुधा दोन्ही बाजू सारख्या असतात.

आणि एक बिनखर्चाची चाचणी राहिलीच. कॉल लागला की "ऐकू येतंय का?" एवढ्यावर थांबू नका. "आम्ही नीट दिसतोय का?" असं आईला मुद्दाम विचारा. आपण विचारल्याशिवाय ती सांगणार नाही.