कळपाचा कप्तान

शनिवारीं दुपारीं साडेतीन वाजावयास दहा मिनिटें असतांना घरांतील मुलगा पुढ्यांतलें ताट विसरून मोबाइलवर वांकलेला दिसला आणि "हालांड कीं सालाह?" असें कांहीं पुटपुटूं लागला, म्हणजे त्या घरांत फॅन्टसी फुटबॉलचा प्रवेश झाला आहे असें खुशाल समजावें. (थंडीच्या दिवसांत ही वेळ साडेचारची.) इंग्लंडांतील प्रीमियर लीगनें चालविलेला हा खेळ २००२-०३ च्या हंगामापासून सुरू आहे व अलीकडच्या हंगामांत एक कोटीहून अधिक माणसें तो खेळलीं आहेत. आमचे विद्यार्थी तो खेळतात. आणि लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं म्हणून सांगतों, आम्हीही खेळतों.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. प्रत्येकानें दहा कोटी पौंडांच्या काल्पनिक थैलींतून पंधरा खेळाडू घ्यावयाचे, एका क्लबाचे तिघांहून अधिक नकोत. त्यांतले अकरा दर आठवड्यास उतरवावयाचे. खऱ्या मैदानावर ते जें करतील त्याचे गुण आपल्या खात्यांत पडतात. आघाडीच्या खेळाडूनें गोल केल्यास चार, मधल्या फळींतल्यानें केल्यास पांच, बचावपटूनें केल्यास सहा; गोलास साहाय्य केल्याचे तीन. असे अडतीस आठवडे. या साऱ्या उलाढालींत एका निर्णयाचें वजन इतर सर्वांहून अधिक, तो म्हणजे कप्तानाचा. कप्तानाचे गुण दुप्पट होतात. आठवड्यांतील पहिल्या सामन्यापूर्वीं नव्वद मिनिटें त्याचें नांव कायम करावें लागतें. मागाहून पश्चात्तापास वाव नाहीं. कप्तान मैदानावर आलाच नाहीं तर उपकप्तानास तो मान जातो. परंतु तो शेवटच्या मिनिटाला येऊन चार पावलें धांवून गेला, तर एकाचे दोन गुण पदरांत घेऊन गप्प बसावें लागतें. हें दुःख ज्यानें भोगलें आहे त्यालाच कळेल.

या खेळावर घरांतील वडील मंडळींचा राग असतो, आणि तो बहुधा चुकीच्या कारणासाठीं असतो. त्यांस हा जुगार वाटतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायद्यानें बंदी घातली, तेव्हां "मग हेंही बंद झालें कां?" असें दोघां-तिघां पालकांनीं आम्हांस मोठ्या आशेनें विचारलें. प्रीमियर लीगच्या या खेळास प्रवेश-फी नाहीं, पण लावावयाचा नाहीं; तेव्हां पैसा जाण्याची भीति नको. जातें तें दुसरेंच कांहीं, आणि आमची तक्रार त्याविषयीं आहे.

गेल्या कांहीं वर्षांत या खेळाभोंवतीं सल्लागारांचा एक मोठा वर्ग उभा राहिला आहे. या आठवड्यास कोणास कप्तान करावें ह्यावर त्यांचीं प्रवचनें अखंड चालूं असतात. त्यांत उपयुक्त असें पुष्कळ असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. कोणाच्या पायाला दुखापत आहे, पेनल्टी कोण घेतो, कोणत्या संघाला तीन दिवसांपूर्वीं युरोपांत सामना खेळावा लागला, हें सारें जाणून घेण्यासारखें असतें. परंतु या मंडळींनीं एक तत्त्व असें रूढ केलें आहे कीं, कप्तान निवडतांना तो किती गुण मिळवील हें पाहण्याआधीं इतर किती जणांनीं त्यालाच कप्तान केलें आहे हें पाहावें. याला ते 'इफेक्टिव्ह ओनरशिप' म्हणतात. त्यांचा हिशेब असा: समजा, शंभरांपैकीं ८५ जणांच्या संघांत एर्लिंग हालांड आहे, व त्यांतील ७० जणांनीं त्यास कप्तान केलें आहे, म्हणजे त्याची 'मालकी' १५५ टक्के झाली. त्यानें एक गोल केला कीं सरासरी प्रतिस्पर्ध्याच्या खात्यांत ६.२ गुण पडले. तुमच्या संघांत तो आहे पण कप्तान नाहीं, तर तुम्हांस चारच. म्हणजे तुमच्याच खेळाडूनें गोल करूनही तुम्ही मागें पडलां! सबब त्यालाच कप्तान करा आणि आपला क्रमांक संभाळा. असल्या कप्तानाला त्यांच्या परिभाषेंत 'ढाल' म्हणतात.

हिशेब बिनचूक आहे. त्यावरून काढलेला उपदेश मात्र चुकीचा आहे. कप्तान केल्यानें त्या खेळाडूचे स्वतःचे गुण तुम्हांस आणखी एकदां मिळतात, याहून अधिक कांहीं होत नाहीं. ते गुण किती होतील हें त्याच्या पायांवर, समोरच्या बचावावर आणि थोडेंसें दैवावर अवलंबून आहे. एक कोटि लोकांच्या भरंवशानें त्यांत अर्ध्या गुणाचीही भर पडत नाहीं. तुमच्या अंदाजानें हालांडचे सहा गुण व्हावे आणि दुसऱ्या एखाद्याचे सात, तर तो दुसराच तुमचा कप्तान. मग हालांडमागें एक मनुष्य असो कीं सारें जग असो. जगाच्या निवडीमुळें बदलतें तें एवढेंच कीं, तुम्ही बरोबर ठरलां तर किती वर उडाल आणि चुकलां तर किती खालीं पडाल. ढाल गुण वाढवीत नाहीं, लाज कमी करते. "चुकलों, पण सर्वांबरोबर चुकलों" या समाधानाची ती किंमत आहे.

ज्याच्याजवळ राखण्यासारखें कांहीं आहे त्यानें ढाल घ्यावी, हें आम्हांस मान्य आहे. दहा मित्रांच्या लीगमध्यें शेवटचे तीन आठवडे उरले असतां जो चाळीस गुणांनीं पुढें आहे, त्यानें दुसऱ्या क्रमांकावरील गड्याचा कप्तान ओळखावा आणि डोळे मिटून तोच घ्यावा. यांत भित्रेपणा नाहीं, हिशेब आहे. परंतु ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यांत, पंचवीस लाखाव्या क्रमांकावर उभा असलेला गृहस्थ ढाल धरून कशाचें रक्षण करीत असतो? आणि त्या दहांच्या लीगमध्यें जो आठवा आहे, त्यानें पहिल्याचीच नक्कल केली तर तो आठवाच राहावयाचा. तरी आम्हीं पाहिलें आहे कीं, नकलेचा सर्वांत अधिक सोस याच आठव्या-नवव्यांस असतो.

आतां आमचीच गोष्ट सांगतों. २०२४ च्या सप्टेंबरांत ब्रायटनचा संघ पहिल्या पांच सामन्यांत अपराजित होता. आंकडेवारींत त्यांचा बचाव चांगलाच दिसे. परंतु आम्हीं त्यांचा खेळ पाहिला होता. फाबियन ह्युर्झेलर या तरुण प्रशिक्षकाचे बचावपटू मैदानाच्या मध्यरेषेजवळ येऊन उभे राहत, आणि त्यांच्या पाठीमागें अर्धें मैदान मोकळें पडे. चपळ आघाडी आणि अचूक पास देणारा एक मनुष्य समोर आला कीं यांचें कांहीं खरें नाहीं, असें आम्हीं घरांत बोलूनही दाखविलें होतें. पुढच्याच आठवड्यांत त्यांची गांठ चेल्सीशीं होती, आणि चेल्सीकडे कोल पामर होता. (नांवाचा मराठी अर्थ वाचकांनीं मनांत आणूं नये.) पामर आमच्या संघांत होता. परंतु हालांडनें पहिल्या पांच सामन्यांत दहा गोल केले होते. त्यास सोडून दुसऱ्यास कप्तान करणें म्हणजे आत्मघात, असें सल्लागार कंठरवानें सांगत होते. साडेतीनला दोन मिनिटें असतांना आम्हीं पामरच्या नांवापुढील खूण काढली आणि ती हालांडपुढें केली. २८ सप्टेंबरच्या त्या सामन्यांत न्यूकॅसलनें मँचेस्टर सिटीस १-१ असें रोखलें व हालांडला गोल करतां आला नाहीं. त्याच दिवशीं पामरनें ब्रायटनविरुद्ध पहिल्या पन्नास मिनिटांच्या आंत चार गोल केले. नेमकें सांगावयाचें तर चारही मध्यंतरापूर्वींच. प्रीमियर लीगमध्यें एका सामन्याच्या पूर्वार्धांत चार गोल यापूर्वीं कोणींच केले नव्हते. मधल्या फळीच्या हिशेबानें नुसत्या गोलांचेच वीस गुण होतात, कप्तानाचे चाळीस. आमच्या लीगमधील ज्या विद्यार्थ्यानें पामरला कप्तान केलें होतें त्यास कारण विचारलें, तर म्हणाला, "सर, मीं ब्रायटनची मॅच पाहिली होती." आम्हींही पाहिली होती. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं ती गुण गेले म्हणून नव्हे.

येथें प्रतिपक्षी म्हणतील कीं, झाल्यावर शहाणपण सांगणें सोपें आहे. आक्षेप योग्य आहे, म्हणून उलट बाजूचें उदाहरण आम्हीच देतों. १३ ऑगस्ट २०२२ रोजीं नुकताच वरच्या श्रेणींत आलेला बोर्नमथचा संघ सिटीच्या मैदानावर उतरला. त्या दिवशीं हालांडला कप्तान करण्यास सबळ कारणें होतीं. सिटीनें चार गोलांनीं सामना जिंकला आणि त्यांतला एकही हालांडचा नव्हता! पुढें दोनच आठवड्यांनीं क्रिस्टल पॅलेसविरुद्ध सिटी दोन गोलांनीं मागें पडली असतां त्याच हालांडनें तीन गोल केले. म्हणजे बोर्नमथच्या दिवशीं त्यास निवडणारा मूर्ख ठरत नाहीं, कीं पॅलेसच्या दिवशीं निवडणारा पंडित ठरत नाहीं. निवड चांगली कीं वाईट हें तिच्या मागच्या कारणावरून ठरावें. २०२४ च्या त्या शनिवारीं हालांडनें तीन गोल केले असते तरी आमचें कृत्य तितकेंच नादान ठरलें असतें. फक्त कोणास कळलें नसतें.

याहून बळकट आक्षेप सालाहचा आहे. २०२४-२५ च्या हंगामांत मोहम्मद सालाहनें २९ गोल केले, १८ गोलांस साहाय्य केलें आणि या खेळांत ३४४ गुण मिळविले. २०१७-१८ मधला त्याचाच ३०३ चा उच्चांक मागें पडला. अडतीस आठवडे कांहींही विचार न करतां जो त्यास कप्तान ठेवून झोंपीं गेला असता, त्यास फुकटांत आणखी ३४४ गुण मिळाले असते. मग विचाराची मातब्बरी ती काय? आम्ही विचारतों, त्या हंगामाच्या आरंभीं कळप कोठें होता? सल्लागारांची सारी गर्दी हालांडभोंवतीं होती. त्याची किंमत दीड कोटि पौंड, सालाहची सव्वा कोटि. त्या वर्षीं हालांडनें २२ गोल केले, जे वाईट नव्हेत. पण आर्ने स्लॉट या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखालीं सालाहला बचावाच्या धांवपळींतून बरीच मोकळीक मिळत आहे, पेनल्टी तोच घेतो, आणि मधल्या फळींत गणला गेल्यामुळें त्याच्या गोलाचे चारांऐवजीं पांच होतात, हें ज्यानें आधीं हेरलें त्यानें हंगाम जिंकला. कळप तेथें मागाहून पोंचला. आणि कळपाची दुसरी संवय अशी कीं तो निघतोही उशिरां. गेल्या वर्षींच्या ३४४ वर विसंबून २०२५-२६ मध्यें ज्यांनीं सालाहला देवघरांत बसविलें, त्यांस तोच सालाह नोव्हेंबरच्या अखेरीस लिव्हरपूलच्या अकरांतूनच वगळलेला पाहावा लागला.

आम्ही गणिताचे वैरी आहों असा समज कोणीं करून घेऊं नये. २०१९-२० चा हंगाम पंचाहत्तर लाखांहून अधिक स्पर्धकांत ज्यानें जिंकला तो जोशुआ बुल ऑक्सफर्ड विद्यापीठांतला गणिती होता; त्याच हंगामांत डिसेंबरमध्यें बुद्धिबळाचा तेव्हांचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन कांहीं काळ साऱ्या जगांत पहिला होता. गणितानें अंदाज करावा, अवश्य करावा. पण तो खेळाडूविषयीं करावा. शेजाऱ्याच्या वहींत काय लिहिलें आहे याचें सूक्ष्म गणित मांडणें यास आम्ही गणित म्हणत नाहीं.

ज्या घरांत दहावीनंतरची शाखा शेजारच्या मुलावरून ठरते, बारावीनंतरचा अभ्यासक्रम क्लासमधल्या गर्दीवरून ठरतो, आणि पुढें नोकरी, फ्लॅट, किंबहुना लग्नही 'सगळे करतात' यावरूनच ठरतें, त्या घरांतल्या मुलास आठवड्यांतून एकदां तरी सर्वस्वीं स्वतःचा निर्णय घ्यावयास मिळत होता. चुकला तर चार गुणांपलीकडे कांहीं जाणार नाहीं, इतका तो निर्धोक. ही एवढीशी मोकळी जागाही सल्लागारांनीं ढालींनीं भरून टाकावी, याचा आम्हांस संताप येतो. वडील मंडळींनीं रागवावयाचेंच असेल तर मुलगा मोबाइलवर किती वेळ बसला यावर रागवूं नये. "तूं यालाच कां निवडलास?" असें विचारावें, आणि उत्तर ऐकावें.

आमच्या विद्यार्थ्यांच्या लीगमध्यें पुढें आम्हीं एक नियम करून घेतला. वेळ संपण्यापूर्वीं प्रत्येकानें कप्तानाचें नांव आणि त्याचें कारण दोन ओळींत लिहून द्यावयाचें. त्या कारणांत इतर किती जणांनीं त्यास निवडलें आहे याचा उल्लेख चालणार नाहीं. पहिल्या आठवड्यांत चौदांपैकीं पांच जणांनीं नुसतें नांव लिहून खालची जागा कोरी सोडली. एकानें लिहिलें, "कारण नाहीं, पण दुसऱ्याला घ्यायची भीति वाटते." तेवढें आम्हीं ग्राह्य धरलें.