आधी रंग कोणता ते सांगा

सांडपाण्यातला रंग शोषणाऱ्या संमिश्र पदार्थावर नवा शोधनिबंध आला की मी आधी बघतो, चाचणीला रंग कोणता घेतला होता? बहुतेकदा मिथिलीन ब्लूच. शुद्ध पाण्यात चिमूटभर निळा रंग टाकायचा, वर ग्राफीन नाहीतर चिकणमातीचं मिश्रण, की पाणी नितळ. मिथिलीन ब्लू धनभारित आणि अशा शोषकांचा पृष्ठभाग सहसा ऋणभारित. तो चिकटणारच! परीक्षेला इतका सोपा पेपर कोण काढतं?

पण खऱ्या सांडपाण्यात, म्हणजे इचलकरंजीत सुती कापडावर चढतात ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. त्यांतला 10 ते 40 टक्के रंग धागा धरतच नाही, धुण्याच्या पाण्याबरोबर जातो. सोबत सोडा, साबण, कांजीचा अंश. गडद छटेला लिटरमागे पन्नासेक ग्रॅम मीठ टाकावं लागतं, तेही सगळं पाण्यातच उतरतं.

या पाण्याशी झुंजू शकेल असा पदार्थ मला कायटोसन वाटतो. कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून तो होतो, आणि कोकणात टरफलांना तोटा नाही. आम्लधर्मी पाण्यात त्याच्यावर धनभार येतो आणि ऋणभारित रंग त्याला धरतात. त्यात लोहऑक्साइडचे कण मिसळून मणी केले तर काम झाल्यावर चुंबकाने गोळा करता येतात. पण रंगाई खात्यातून येणारं पाणी असतं अल्कधर्मी. म्हणजे आधी आम्ल ओता, त्याचा खर्च सोसा. मणी भरले की अल्कलीने धुवा. रंग पुन्हा पाण्यात हजर. रंग शोषण्याऐवजी तोडायचा म्हटलं, तर टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशात रंगाचा रेणू तोडतो खरा, पण गडद पाण्यात प्रकाश शिरतो कुठे?

आणि मिठाचं काय? जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद करायला लावले. नोय्यल नदीकाठची शेती नासली होती ती मुख्यतः क्षारांनी. रंगशोषक मणी मिठाला हात लावत नाहीत, त्यामुळे नितळ दिसणारं पाणीही पिकाला मारू शकतं.

संशोधकांना एकच विनंती: पुढच्या निबंधासाठी जवळच्या रंगाई कारखान्यातून एक कॅन सांडपाणी आणा. मणी कितव्या फेरीला थकले, आम्ल किती लागलं, वापरलेले मणी शेवटी कुठे टाकले, हे रंग किती टक्के निघाला त्याच्या आधी छापा.