मुगेन भारी की जिन?

'सामुराई चाम्पलू' बघितलेल्या मंडळींचा हा ठरलेला वाद. माझ्या मते प्रश्नच चुकलाय.

शिनिचिरो वातानाबेची ही २००४ ची मालिका. जिन दोजोत, म्हणजे तलवारबाजीच्या आखाड्यात, रीतसर शिकलेला. चेहरा कोरा, पाय घट्ट, कमीत कमी हालचालीत काम तमाम. मुगेन र्‍युक्यू बेटांवरचा, कुठल्याच गुरूचा नाही. हातांवर उलटा होतो, गिरक्या घेतो, पायातल्या गेताने वार अडवतो. अर्धी तलवारबाजी, अर्धा ब्रेकडान्स!

आता यातला एकच ठेवून बघा. नुसता मुगेन असता तर दहा मिनिटांत डोळे दुखले असते. सगळंच हलतंय म्हटल्यावर वेग कळणार कशावरून? नुसता जिन असता तर सगळं देखणं, पण पाठ्यपुस्तकासारखं. अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक हालचाल कुणीतरी काढावी लागते. त्यामुळे कुठे थांबायचं हाही निर्णयच असतो. जिन थांबतो म्हणून मुगेनचा वेग दिसतो, आणि मुगेन उधळतो म्हणून जिनच्या थांबण्याची भीती वाटते.

पहिल्याच भागात दोघं एकमेकांच्या जिवावर उठतात. २६ भाग झाले तरी निकाल लागत नाही. बरंच झालं! निकाल लागला असता तर एक शैली खोटी ठरली असती.

'चाम्पलू' हे नावच ओकिनावाच्या 'चाम्पुरू'वरून आलंय, म्हणजे सगळं एकत्र परतून केलेला पदार्थ. त्यात कारलं भारी की टोफू, असं कोणी विचारतं का?