भंगारातलं सोनं कुणाच्या खिशात?

टनावर इलेक्ट्रॉनिक भंगार घ्यायचं, ॲसिडमध्ये टाकून सोनं काढायचं, असे व्हिडिओ पाहून मोहल्ल्यातली पोरं विचारतात, "भाई, यात फायदा आहे का?"

हिशोब करू. कॉम्प्युटरच्या एक टन बोर्डांत साधारण २०० ते २५० ग्रॅम सोनं असतं, हे खरं. पण टीव्हीच्या बोर्डांत ते २० ग्रॅमच्या आसपास. शिवाय घाऊक मालात बोर्ड थोडे, बाकी लोखंड, प्लास्टिक, काच. समजा १०० किलो मालात टीव्हीचे १० किलो बोर्ड निघाले, तर सोनं जेमतेम ०.२ ग्रॅम. चांगला माल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर, जाणकार विकणाऱ्याने आधीच काढलेला असतो. आत काय आहे हे न बघता केलेला असा सौदा म्हणजे 'गरर'. आपल्याला तो मना आहे.

आणि नायट्रिक ॲसिडचा तो तपकिरी धूर? तो आधी आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जातो. उरलेलं ॲसिड गटारात. नोंदणीशिवाय हे काम २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार बेकायदा आहे. शेजाऱ्याचा हक्क मारून केलेल्या कमाईत बरकत कुठून येणार?

धंदा करायचाच असेल तर सोनं विसरा. रिफर्बिशर म्हणून नोंदणी करा, चालण्यासारख्या वस्तू दुरुस्त करून विका, बाकीचे बोर्ड नोंदणीकृत रिसायकलरला द्या. आणि कुठलाही लॉट घेण्याआधी त्यातला दहा किलो माल उघडून, वजन करून बघा. मगच पैसे द्या.