रूपकातले मुकेपण आणि परळमधले मुकेपण

मराठी समीक्षेला मौनाचे फार आकर्षण आहे. ‘अन्यायाला वाचा फोडणे’, ‘दडपलेला आवाज’, ‘दोन ओळींमधले मौन’ हे शब्दप्रयोग परीक्षणांत, प्रबंधांत आणि चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांत इतक्या वेळा येऊन गेले आहेत की त्यांना कधीकाळी शारीर अर्थ होता याची आठवणही कुणाला होत नाही. या रूपकाचे मोल आम्ही नाकारत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत जे पाक्षिक सुरू केले त्याचे नाव ‘मूकनायक’ होते, आणि त्या नावाइतके अचूक नाव मराठी नियतकालिकांच्या इतिहासात क्वचितच सापडेल. ज्यांच्याविषयी ते होते त्यांच्या जिभेत काही उणे नव्हते. ऐकून घेणाऱ्यांच्या कानांत होते. आमची तक्रार एवढीच, की रूपक इतके समर्थ ठरले की ज्यांची वाचा खरोखरच, अक्षरशः, गेली आहे त्यांच्यासाठी आमच्या साहित्यविचारात जागाच उरली नाही.

ही माणसे शोधायला दूर जावे लागत नाही. परळमध्ये चालत जाता येईल इतक्या अंतरात तीन रुग्णालये उभी आहेत: १९२६ चे के.ई.एम., १९२९ चे लहान मुलांचे वाडिया आणि १९४१ चे टाटा मेमोरियल. पक्षाघाताने वाचा गेलेली माणसे पहिल्यात येतात. टाळू दुभंगलेली मुले (ग्रहणात आईने काही चिरले म्हणून असे झाले, ही समजूत बरोबर घेऊनच) दुसऱ्यात. आणि स्वरयंत्राचा कर्करोग झालेले, बहुधा तंबाखूने किंवा विडीने गाठलेले, तिसऱ्यात. गावाकडून आलेले हे लोक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, जागा मिळाली नाही तर रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकतात. लालबाग-परळ म्हटले की गिरण्या, १९८२ चा संप, नारायण सुर्वे आणि जयंत पवारांचे ‘अधांतर’ आठवणे हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला साहजिक आहे. पण त्याच परळमध्ये दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा आवाज शस्त्रक्रियेने काढून घेतला जातो, आणि तो नव्याने बोलायला शिकू लागतो, हे मात्र आठवत नाही.

सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ साली ‘इलनेस ॲज मेटाफर’ लिहिले तेव्हा त्या स्वतः कर्करोगातून जात होत्या. रोगाला रूपक केले की रोग्यावर अन्याय होतो, हे त्यांचे म्हणणे. वाचादोषांच्या बाबतीत मराठीत हे रूपकीकरण भाषेच्या तळापर्यंत गेलेले आहे. ‘बोबडी वळली’, ‘दातखीळ बसली’, ‘वाचा बसली’, ‘त त प प झाले’ हे सारे वाक्प्रचार बोलणे अडण्याचा संबंध भीतीशी, धक्क्याशी किंवा उघड्या पडलेल्या खोटेपणाशी जोडतात. म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो घाबरलेला आहे किंवा काही लपवतो आहे, असे आमची भाषाच आम्हांला पढवून ठेवते. याचे परिणाम केवळ शैलीपुरते राहत नाहीत. माणसाची जीभ अचानक जड झाली, शब्द वेडेवाकडे येऊ लागले, चेहऱ्याची एक बाजू ओघळली, तर ते मेंदूच्या पक्षाघाताचे लक्षण असू शकते, आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे तर साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ‘काहीतरी बघून बोबडी वळली असेल’ असे म्हणत घरात बसून घालवलेला प्रत्येक तास या साडेचारांतून वजा होतो.

आता विद्यापीठाकडे वळू. साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासक्रमात रोमन याकॉब्सन आहे. रूपक आणि मेटोनिमी, सादृश्य आणि सान्निध्य, काव्य आणि गद्य ही जोडी पदव्युत्तर वर्गात हमखास शिकवली जाते. ती जिथून आली तो १९५६ चा निबंध मात्र भाषेच्या दोन अंगांविषयी आणि ‘अफेजिया’च्या दोन प्रकारांविषयी आहे, हे त्याच्या शीर्षकातच लिहिलेले असते. अफेजिया म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा हरपणे. मराठीत त्याला वाचाघात म्हणतात. काही रुग्णांना शब्दाच्या जागी शब्द निवडता येत नाही, मग ते शेजारच्या वस्तूवर जातात: सुरीऐवजी ‘भाजी’, चष्म्याऐवजी ‘डोळे’. काहींना शब्द सापडतो पण ते एकमेकांना जोडता येत नाहीत. प्रत्यय आणि अव्यये गळून पडतात. या दोन मोडतोडींवरून याकॉब्सनने भाषेचे दोन अक्ष दाखवले. आमच्या वर्गात अक्ष शिकवले जातात, रुग्ण गाळले जातात. कलिन्यातल्या वर्गात मेटोनिमीचे उदाहरण म्हणून एखादी कादंबरी घेतली जाते, आणि तेच उदाहरण परळच्या वॉर्डात जगणारा माणूस भाषाविचाराचा विषय ठरत नाही. वास्तविक हा निबंध शिकवताना एक तास वाचा-उपचारतज्ज्ञाला बोलवावे. त्यासाठी फार लांबही जायला नको: मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात वाचा व श्रवण उपचारांचे शिक्षण साठच्या दशकापासून दिले जाते, देशात हे शिक्षण सर्वांत आधी सुरू झाले त्या ठिकाणांपैकी ते एक आहे.

अशा तज्ज्ञाकडून सर्वांत आधी कळेल ते हे, की ‘बोलता येत नाही’ या एका वाक्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज जाऊ शकतो, उच्चार बिघडू शकतो आणि भाषा हरपू शकते. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या वाणीच्या श्रेणी पाठ असलेल्या आपल्या परंपरेला हा भेद अवघड वाटू नये. स्वरयंत्र काढलेल्या माणसाची भाषा शाबूत असते, जीभ आणि ओठही शाबूत असतात. फक्त फुप्फुसातली हवा आता मानेतल्या छिद्रातून बाहेर जाते, तोंडापर्यंत पोहोचतच नाही. वाचाघात झालेल्याचे नेमके उलट: आवाज आहे, पण शब्द हाताला लागत नाही. आणि बहुतेकदा बुद्धी दोघांचीही जागेवर असते. तरी घरी आलेले पाहुणे पहिल्याशी मोठ्याने ओरडून आणि दुसऱ्याशी लहान मुलासारखे बोलतात.

स्वरयंत्राचा विषय निघाला आहे तर थोडे थांबू, कारण इथे मराठी ध्वनिव्यवस्थेची एक विलक्षण कसोटी लागते. कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बिलरोथ यांनी १८७३ साली व्हिएन्नात केली. त्यानंतर आवाज परत मिळवण्याचे तीन मार्ग रूढ झाले. हवा अन्ननलिकेत घेऊन ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलणे. गळ्याला कंपन देणारे विजेचे यंत्र लावणे. किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये लहानशी झडप बसवणे, जी पद्धत १९८० च्या सुमारास सिंगर आणि ब्लॉम यांनी प्रचारात आणली. यांतले यंत्र सतत गुणगुणत असते, त्यामुळे अघोष वर्णही सघोष ऐकू येतात, ‘प’चा ‘ब’ होतो. इंग्रजीला एवढ्यावर निभावता येते. मराठीत मात्र प, फ, ब, भ अशी चौकडी आहे आणि तिच्यातला निम्मा भाग श्वासावर उभा आहे. महाप्राण या संज्ञेत प्राण म्हणजे श्वास, आणि या माणसाचा श्वास मानेतून निघून गेलेला. ‘काठी’, ‘गाठी’, ‘खाते’, ‘गाते’ यांतला फरक त्याने कशाच्या बळावर करायचा? व्याकरणाच्या पहिल्या धड्यात घोकलेली वर्णमालेची ती कोष्टके किती देहमय आहेत हे इथे समजते. ऐकणाऱ्याने संदर्भावरून शब्द ओळखायचा असतो, म्हणजे अर्धे बोलणे ऐकणाऱ्यालाच करावे लागते.

वाचाघाताच्या बाबतीतही मराठीपण आडवे येते. इंग्रजीभाषक रुग्ण प्रत्यय गाळतो तेव्हा मागे निदान एक उघडा शब्द उरतो. मराठीत ‘घोड्याला’मधला ‘ला’ गेला तरी ‘घोड्या’ हे सामान्यरूप पडून राहते, आणि क्रियापदाला लिंग-वचनाचा प्रत्यय न लावता ते उच्चारायचे तरी कसे? ज्या भाषांत नुसता धातू शब्द म्हणून उभा राहत नाही, त्यांत रुग्ण प्रत्यय गाळण्याऐवजी चुकीचा प्रत्यय लावतात, असे भाषांच्या तुलनेतून दिसून आले आहे. म्हणजे इंग्रजी चाचण्यांचे भाषांतर करून मराठी रुग्णाची परीक्षा घेणे पुरेसे नाही. आणि मराठी तरी कोणती? लालबागच्या चाळीत मालवणी बोलत वाढलेला, कामावर मुंबईची हिंदी बोलणारा, वर्तमानपत्र प्रमाण मराठीत वाचणारा माणूस वाचाघातानंतर कोणत्या भाषेत आधी परतेल? आधी शिकलेली भाषा आधी परतते असे रिबो यांनी १८८१ साली म्हटले, सर्वांत जास्त वापरातली आधी परतते असे पीत्र यांनी १८९५ साली. प्रत्यक्ष रुग्ण दोघांनाही खोटे पाडत आले आहेत. मालवणी क्रियारूपाला ‘चूक’ म्हणून खूण करणारा परीक्षक मात्र आजार मोजत नसतो, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि सदाशिव पेठ यांतले अंतर मोजत असतो.

येथे मराठीच्या शिक्षकांची जबाबदारी अधिक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलेले ‘ती फुलराणी’ १९७५ साली रंगभूमीवर आले आणि मंजुळेच्या उच्चारांना मराठी प्रेक्षक मनापासून हसला. नाटकाची बाजू मंजुळेचीच आहे, हे मान्य. पण तिला वाचादोष नव्हता. तिची बोली वेगळी होती. शाळेत ‘आनि’ आणि ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध’ म्हणून उठवून उभे करायचे, आणि त्याच वर्गातल्या ज्या मुलाचा ‘क’ सातव्या वर्षीही ‘त’ होतो त्याला ‘लाडाने बोबडे बोलतो’ म्हणून सोडून द्यायचे, ही उलटापालट वर्षानुवर्षे चालू आहे. पहिल्याला उपचार नको आहेत, दुसऱ्याला हवे आहेत. बोबड्या बोलांचे कौतुक करणाऱ्या संतपरंपरेचा यात काही दोष नाही. ते बोल तान्ह्या मुलाचे होते.

तोतरेपणाचे हाल तर याहून वाईट. रंगभूमीने आणि चित्रपटाने त्याला नोकराच्या किंवा फजितीच्या भूमिकेत कायमचे बसवले. तो भित्रेपणातून किंवा नकलेतून येत नाही, त्यामागे आनुवंशिकता आणि मेंदूची जडणघडण आहे, लहानपणी अडखळणारी बहुतेक मुले पुढे मोकळी बोलू लागतात, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. तरी तोंडी परीक्षेत विद्यार्थी अडला की त्याचे वाक्य आम्ही शिक्षकच पुरे करतो आणि ते सौजन्य समजतो. त्याला हवी असते ती फक्त वेळ. डेमॉस्थेनिसच्या तोंडातल्या खड्यांची गोष्ट अशा मुलांना प्रेरणा म्हणून सांगण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हावी.

कायदा या बाबतीत साहित्याच्या थोडा पुढे गेला आहे. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यातल्या सात प्रकारांत वाचा व भाषा यांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता; २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तो आला. त्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढणे आणि वाचाघात ही उदाहरणे दिलेली आहेत. मात्र ती व्याख्या कायमस्वरूपी आणि शारीर किंवा मज्जासंस्थेच्या कारणांपुरती असल्याने तोतरे बोलणारा तिच्या उंबऱ्यावरच राहतो.

घरच्यांसाठी कायद्यापेक्षा एक लहान गोष्ट जास्त उपयोगाची आहे. वाचाघात झालेल्या अनेकांना ‘पाणी हवे’ हे म्हणता येत नाही, पण गणपतीची आरती, पाढे, शिव्या आणि जुनी गाणी जशीच्या तशी म्हणता येतात. पाठ झालेली आणि सुरात बांधलेली भाषा मेंदू निराळ्या वाटेने आणतो. १९७३ साली पुढे आलेली सुरावटीवरून बोलणे शिकवण्याची उपचारपद्धती याच निरीक्षणावर आधारलेली आहे. चाळीतल्या दोन खोल्यांत हे माहीत नसले की भाद्रपदात ठरलेला प्रसंग घडतो: आजोबा आरतीत खणखणीत आवाजात सामील होतात, आणि आरती संपल्यावर सून विचारते, ‘हे येतं, मग बाकीचं का बोलत नाही? मुद्दाम करता ना?’ आजोबांकडे याचे उत्तर असते. ते त्यांना म्हणता येत नाही. अशा वेळी दूरदर्शन संच बंद करावा, एकाच माणसाने बोलावे, ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा, समोर कागद आणि पेन्सिल ठेवावी, आणि थांबावे.