शर्यत संपल्यावरचा घोडा



सात धावत्या घोड्यांचं चित्र आपल्यातल्या कितीतरी जणींच्या दिवाणखान्यात आहे. वास्तूला चांगलं म्हणून कुणीतरी सांगितलेलं असतं. पण धावणारा घोडा दमतो, हे ते चित्र बघून कधी मनात येतं का?

युरोपात घोड्यांच्या शर्यतीची चित्रं ढिगाने झाली, आणि बहुतेकांत हेच झालं. जेरिको या फ्रेंच चित्रकाराचं 1821 सालचं 'एप्समची डर्बी' पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे. घोड्यांचे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले, जमिनीला एकही टेकलेला नाही, जणू उडतायत. खरा घोडा असा पळतच नाही. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोडीचे फोटो काढले, तेव्हा कळलं की चारही पाय हवेत असतात त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. तोवर कित्येक पिढ्या चित्रकार ती ताणलेली उडी काढत आले होते. बघणाऱ्यांना वेग हवा होता, तो मिळाला.

फ्रिथच्या 1858 च्या 'डर्बी डे'त तर घोडे पार मागे राहिलेत. पुढे सगळी गर्दी. त्यात जुगारात खिसे रिकामे झालेला तरुण आहे, आणि श्रीमंतांच्या जेवणाकडे टक लावून बघणारा कसरती करणारा पोर. त्या पोरासाठी मी फ्रिथला माफ करते.

पण मला सांगायचंय ते जॉर्ज स्टब्सच्या चित्राबद्दल. 1799 साली न्यूमार्केटला हॅम्बलटोनियन आणि डायमंड या दोन घोड्यांची 3000 गिनींच्या पैजेवर शर्यत झाली. चार मैलांहून जास्त अंतर. हॅम्बलटोनियन थोडक्यात जिंकला, पण चाबूक आणि टाचेच्या काट्यांनी त्याचे हाल झाले होते. मालकाने चित्र सांगितलं. पंचाहत्तरीच्या स्टब्सने जिंकण्याचा क्षण काढलाच नाही. शर्यत संपलीय, घोड्याचे कान मागे गेलेत, तोंड उघडं आहे. एकाने त्याला धरलंय, दुसरा पोऱ्या फडक्याने अंग पुसतोय. दोघंही सरळ आपल्याकडे बघतात. चित्र जवळजवळ 12 फूट रुंद आहे, त्यामुळे नजर चुकवायला जागा नाही. मालकाने पैसे द्यायला नकार दिला, स्टब्स कोर्टात गेला आणि जिंकला.

आता आपल्याला बोचणारी गोष्ट. घोड्याचं शरीर इतकं नेमकं काढता यावं म्हणून याच स्टब्सने तरुणपणी एका खेड्यात राहून दीड वर्ष घोड्यांची चिरफाड केली होती, आणि त्यासाठी घोडे मारलेही होते. 1766 मध्ये त्यावर त्याचं पुस्तक निघालं. ती हिंसा मी चित्राच्या खाती वळती करणार नाही. घोड्याचं दुखणं दिसायला घोडा मारावा लागत नाही, गोठ्यात जनावर सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला ते डोळ्यांवरून कळतं. तरीही शर्यतीच्या सगळ्या चित्रांत मी हेच पहिलं ठेवीन, कारण पैज लावणाऱ्याच्याच पैशाने पैजेची किंमत त्यात दाखवली आहे.

चित्र उत्तर आयर्लंडमधल्या माउंट स्ट्यूअर्ट या वाड्यात आहे. फोनवर सहज सापडतं. मुलांना दाखवाल तेव्हा आधी घोड्याचे कान बघायला सांगा.